पांढऱ्याखालचा पिवळा

तुटलेल्या दांड्याच्या तोंडावर दोन प्रकारचा पृष्ठभाग होता. एक भाग खडबडीत, राखाडी, गुळाची ढेप फोडल्यावर आत दिसतो तसा दाणेदार. दुसरा गुळगुळीत, आणि त्यावर बारीक वक्र रेघा, एकीमागे एक. मुरुडच्या किनाऱ्यावर ओहोटीचं पाणी मागे सरकताना वाळूवर अशाच रेघा सोडतं. भिंग जरा कलतं धरलं की त्या दिसत, सरळ धरलं की नाहीशा होत. खडबडीत भाग एका क्षणात तुटतो. गुळगुळीत भाग तुटायला पुष्कळ उड्डाणं लागतात. या तुकड्यात खडबडीत भाग होता अंगठ्याच्या नखाएवढा. बाकी सगळा गुळगुळीत.

"डॉक्टोरा, आत येऊ?"

हँगरच्या दारात राकेल उभी होती. अंगात वैमानिकाचा निळा पोशाख, पायांत रबरी चपला. बाहेर धावपट्टीवर ढग इतके खाली आले होते की पलीकडची नारळाची झाडं अर्धीच दिसत होती.

"ये."

"तुम्ही सकाळपासून त्या तुकड्याकडे बघताय. माझ्या आजीनं एवढा वेळ माझ्याकडे बघितलं असतं तर मी डॉक्टर झाले असते."

मी हसले. तिनं तुकड्याकडे बघितलं, पण हात लावला नाही. तो एफ्रेनच्या विमानाचा होता. एफ्रेन आणि ती एकाच वेळी इथे नोकरीला लागली होती. विमान पडलं तेव्हा ती धावपट्टीच्या कडेला उभी राहून त्याला हात करत होती.

"काही कळलं?"

"कळलं. आधी जनरलसाहेबांना सांगायला हवं."

तिनं भुवया किंचित उचलल्या. तिकडे त्याचा अर्थ होकार. "बरोबर आहे. सरांना सांगा. मग सर आम्हाला सांगतील."

मी तेव्हा मनिलाच्या एका विद्यापीठात वर्षभरासाठी गेले होते. वारंवार ताण पडल्यावर धातू थकतो कसा, हा माझा विषय; त्यातल्या पदवीमुळे सगळे मला डॉक्टोरा म्हणत. निवृत्त जनरल देल्फिन ओर्बेता यांनी विद्यापीठाला विचारून मला सान तेल्मो बेटावर बोलावून घेतलं होतं. हवाई दलातून बाहेर पडल्यावर त्यांनी या बेटावर एक छोटी विमानसेवा उभी केली होती. भोवतालच्या बेटांवर डॉक्टर न्यायचे, औषधं पोचवायची, अडलेली बाळंतीण आणायची, हे तिचं काम. विमानं तीन. त्यांतलं एक एफ्रेनसह समुद्रात गेलं. दुसऱ्याचं इंजिन खोलून ठोकळ्यांवर ठेवलेलं होतं आणि सुटे भाग येत नव्हते. तिसरं राकेल चालवायची.

सरकारी चौकशीला अजून अवकाश होता. पण बेटावर निकाल लागून गेला होता. एफ्रेननं उडताच विमानाचं नाक जोरात वर खेचलं, तरुण पोर, किनाऱ्यावर मुली उभ्या होत्या, पंखाला ते झेपलं नाही. हे मी धक्क्यावर उतरल्यापासून ऐकत होते. मला घ्यायला आलेल्या रिक्षावाल्यानंही हातानं करून दाखवलं होतं, नाक कसं खेचलं ते.

कोळ्यांनी उथळ पाण्यातून पंख काढून आणला होता. त्या पंखाचा मुख्य दांडा माझ्यापुढे होता. तो एका खेचण्यानं तुटला नव्हता. चीर त्याच्या आत फार दिवस वाढत होती, इतकी की त्या विमानाच्या धडाच्या वयात ती बसत नव्हती. पंख धडापेक्षा पुष्कळ म्हातारा होता.

हे मला जनरलना एकट्याला सांगायचं होतं. ज्यानं बोलावलं त्याला आधी सांगायचं, असा आमच्या कामाचा रिवाज. अडचण एवढीच होती की जनरल एकटे सापडत नव्हते.

*

"डॉक्टोरा, आधी जेवण," जनरल म्हणाले. माझ्या ताटात भात त्यांनी स्वतः वाढला. सडपातळ माणूस, पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा, एवढ्या दमट हवेतही. "सिओनी, यांना तो तळलेला सुका मासा दे. यांना आवडतो."

सुका मासा मला आवडायचाच. त्या वासानं मला दापोलीचं आमचं स्वयंपाकघर आठवायचं. आलिंग सिओनीनं माझ्या ताटात दोन मासे ठेवले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "खा, हिजा. वाळून गेलीस." हिजा म्हणजे पोरी. आलिंग म्हणजे आपल्याकडे मावशी म्हणतात तसं. ती त्या सगळ्यांचा स्वयंपाक करायची, आणि ती एफ्रेनची आई होती.

म्हणून जेवणाच्या टेबलावर मला बोलता येत नव्हतं. हे जनरलना ठाऊक होतं. मी त्यांच्या खोलीशी गेले की ते दार उघडून म्हणत, "वा, बरं झालं आलात, मेरिएन्दाची वेळ झाली," आणि मला खाण्याच्या टेबलाशी घेऊन येत. मेरिएन्दा म्हणजे मधल्या वेळचं खाणं. ती वेळ तिथे दिवसातून बऱ्याचदा व्हायची. मी धावपट्टीवर गाठलं की ते हाक मारत, "सिओनी, डॉक्टोरांना छत्री आण!" आणि सिओनी छत्री घेऊन यायची नि आमच्याबरोबरच चालायला लागायची. आपलं तोंड बंद ठेवण्यासाठी कुणी आपल्याला इतक्या प्रेमानं खायला घालू शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

बेटावरून बाहेर पडायला बोट सुटत नव्हती. वादळ लांबून गेलं होतं, पण समुद्र खवळलेला आणि ढग अगदी खाली. विमान उडत नव्हतं, आणि मला मनातून त्याचंच बरं वाटत होतं.

"याला तुम्ही साधासुधा समजू नका, डॉक्टोरा," टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून कर्नल काबिगास म्हणाले. सगळे त्यांना नोनोय म्हणत. भरदार पोट, नखांत कायमचं काळं तेल. सेवेची विमानं तेच सांभाळायचे. "हा हवाई दलाचा प्रमुख व्हायचा होता."

"नोनोय, जेव."

"जेवतोच आहे, तोंड दोन्ही कामं करतं. ऐका. राष्ट्रीय दिनाचं संचलन. लोक पोराबाळांना खांद्यावर घेऊन, माना वर करून उभे. आणि हा म्हणतो, विमानं उडणार नाहीत! का? तर एका इंजिनाचा आवाज साहेबांना पसंत नाही."

"आवाज वेगळा होता," जनरल म्हणाले.

"मग सगळी इंजिनं खोलली. काय सापडलं? सांग की त्यांना."

"काही नाही."

"काही नाही!" नोनोयनी टेबलावर थाप मारली. "दुसऱ्या दिवशी पेपरात व्यंगचित्र. जनरल ओर्बेता कोंबडीवर बसलेत, आणि कोंबडी म्हणते, सर, आज वारा आहे, मीसुद्धा उडणार नाही! बढतीच्या वेळी याचं नाव गळलं."

"तुझंही गळलं," जनरल हळू आवाजात म्हणाले.

"माझं का गळलं?" नोनोयनी मला डोळा मारला. "कारण चौकशीत मी सांगितलं, तो आवाज मीही ऐकला."

"तुम्ही खरंच ऐकला होतात?" मी विचारलं.

नोनोय इतके हसले की त्यांना ठसका लागला. "मी त्या दिवशी शहरातच नव्हतो, डॉक्टोरा! बायकोच्या माहेरी डुक्कर भाजत होतो! पण माझा मिस्टा म्हणतो ना आवाज होता, मग आवाज होता."

मिस्टा म्हणजे लष्करी प्रबोधिनीतल्या एकाच तुकडीतला सोबती. सख्ख्या भावाशी भांडता येतं, मिस्टाशी नाही, असं राकेल मला नंतर म्हणाली.

जनरल हसले नाहीत. ते काट्यानं माशाचे काटे बाजूला काढत राहिले.

सिओनी पाण्याचा जग घेऊन आली. "आमचे जनरल घाबरट नाहीत," ती मला समजावून सांगत म्हणाली. "माझ्या एफ्रेनला त्यांनीच शिकवलं. त्याच्या लग्नात त्याचे निनोंग तेच." निनोंग म्हणजे मानलेला बाप; लग्नात तो साक्षीला उभा राहतो आणि पुढे जन्मभर बापासारखा जबाबदार असतो. "तेही त्याला सांगायचे, सावकाश. पण माझं ऐकायचा नाही, तर त्यांचं काय ऐकणार?"

जनरलनी जग तिच्या हातातून घेतला आणि तिच्यासाठीच एक पेला भरला.

*

दुपारी मी राकेलच्या विमानाशी गेले. विमान पांढरं होतं, तिन्ही तशीच होती. एफ्रेनच्या पंखाच्या कडेला जिथे रंग उडाला होता तिथे मला खाली आणखी एक थर दिसला होता. पिवळा. विमानाच्या धडाचा रंगही मी पाहिला होता. तिथे पांढऱ्याखाली पिवळा नव्हता.

मी शिडीवर चढले आणि राकेलच्या विमानाच्या उजव्या पंखाच्या मुळाशी, रिव्हेटांच्या ओळीजवळ, ब्लेडनं हलकेच खरवडलं. पांढरा पापुद्रा निघाला. खाली पिवळा होता. मग धड खरवडलं. पांढऱ्याखाली सरळ धातू.

"रंग मी स्वतः दिलाय तिला," मागून नोनोय म्हणाले. "विचारलं असतंत तर डबा दिला असता."

मी खाली उतरले. "हा पंख कुठल्या विमानाचा आहे, कर्नल?"

त्यांनी ओठांनी डोंगराकडे खूण केली. तिकडे बोट दाखवत नाहीत, ओठ पुढे काढून दाखवतात. "शेजारच्या बेटावर उसाचे मळे आहेत. तिथे औषध फवारायचं एक विमान होतं, याच जातीचं. मालकानं मोडीत काढलं. पंख चांगले होते, वाकलेले नाहीत, गंजलेले नाहीत. आमच्या दोन विमानांचा एकेक पंख कामातून गेला होता. त्याचा डावा एफ्रेनला लावला, उजवा हिला."

"फवारणीचं विमान टाकी भरून उडतं, शेताच्या टोकाला गर्रकन वळतं, दिवसभर वर-खाली करतं. त्याच्या पंखावर किती ताण पडतो तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे."

"मग त्या पंखाचे तास कुठून मोजलेत?"

हँगरच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता. नोनोयनी कानामागची सिगारेट काढली, तिच्याकडे बघितलं, परत कानामागे ठेवली.

"आमच्याकडे विमानाचं वय म्हणजे धडाचं वय," ते म्हणाले. "धडावर नंबराची पट्टी असते. पंख बदलला, शेपूट बदललं, चाकं बदलली, तरी पट्टी तीच. सुटे भाग मिळत नाहीत, डॉक्टोरा. मेलेल्या विमानाचं काढून जिवंताला लावायचं, असंच आम्ही इथे जगलो. लोक आमचं कौतुक करत."

"हा पंख लावायचा, आणि धडापासून मोजायचा, हे कुणी ठरवलं?"

"मी लावला."

"लावला कुणी, ते मी विचारलं नाही."

"मी लावला," ते परत म्हणाले. आता आवाजात चेष्टा नव्हती. "मोजलाही मीच. तुम्हाला जे काही सांगायचं असेल त्यात तेवढंच सांगा." मग ते नेहमीसारखं हसले. "चला, पाऊस वाढेल. सिओनीनं केळी तळलीत."

*

जनरल शेवटी सापडले ते धावपट्टीच्या समुद्राकडच्या टोकाला. ते रोज तिथवर चालत जायचे. त्या दिवशी सिओनी चर्चमध्ये गेली होती, छत्रीसाठी हाक मारायला कुणी नव्हतं. मी वाट अडवूनच उभी राहिले. असं मी आयुष्यात फार वेळा केलेलं नाही.

मी सगळं सांगितलं. जसं वर्गात सांगते तसं, आधी काय दिसलं, मग त्यावरून काय ठरतं. एफ्रेननं नाक खेचलं असेल किंवा नसेल. पंख तुटायला त्याची गरज नव्हती. तो साध्या वाऱ्यातही तुटला असता. आणि त्याचा जोडीदार राकेलच्या विमानाला लावलेला आहे.

ते समुद्राकडे बघत ऐकत होते. "खात्री किती?"

"एफ्रेनच्या पंखाची पूर्ण. राकेलच्या पंखाला तेवढीच मेहनत झालीय. त्यात चीर आहे की नाही, ते उघडून तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. ती साधनं इथे नाहीत."

"म्हणजे कदाचित काहीच सापडणार नाही."

"कदाचित."

"हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे," जनरल म्हणाले. त्यांचं हसणं कोरडं होतं. "मी विमान थांबवायचं. सेवा बंद होणार, कारण दुसरं विमान नाही. लिनाओवर मधुमेहाची एक मुलगी आहे, शाळामास्तरांची. तिच्या औषधाला उशीर होणार. पलीकडच्या बेटावर दोघींचे दिवस भरत आलेत. आणि मग तुम्ही पंख उघडाल आणि म्हणाल, काही सापडलं नाही."

"असं होऊ शकतं."

"तुम्ही खोटं तरी बोलत नाही."

"तुम्ही मला बोलावलंत कशाला, सर?"

"तुम्ही म्हणाल धातूत दोष नाही, अशी आशा होती. तसं म्हटलं नाहीत, तर तुम्ही गेल्यावर शांतपणे काय ते ठरवू, असा विचार केला होता. मग हवा बिघडली, आणि तुम्ही जाईनात."

पाऊस थांबत आला होता. पश्चिमेला ढगाची कड उचलल्यासारखी झाली होती आणि खाली पाण्याची उजळ पट्टी दिसत होती. आम्ही दोघांनीही ती पाहिली.

"उद्या उघडेल," ते म्हणाले. "पहिली फेरी मीच घेऊन जातो. राकेल नाही. मी अजून उडवू शकतो."

"आणि सुखरूप उतरलात तर?"

"तर पंख ठीक आहे."

"नाही, सर. तर एवढंच कळेल की तो उद्या तुटला नाही. एफ्रेनही आदल्या दिवशी सुखरूप उतरला होता."

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता. अडकलेल्या माणसाला कुणी बाहेर पडण्याची एकेक वाट दाखवून प्रत्येक बंद करत जावं, तसा तो चेहरा होता.

"कर्नल म्हणाले, पंख त्यांनी लावला," मी म्हणाले. "आणि मोजलाही त्यांनीच."

"असं म्हणाला?"

"दोनदा."

"तो तसंच म्हणणार." त्यांनी शर्टाची बाही नीट केली. भिजून तिची इस्त्री गेली होती. "तुम्हाला आमच्याकडची एक गोष्ट समजणार नाही. पैशाचं ऋण फेडता येतं. आतलं ऋण फेडता येत नाही, ते फक्त वागवायचं. त्या माणसानं माझ्यासाठी न ऐकलेला आवाज ऐकला. आता मी लोकांपुढे म्हणू, एफ्रेन नोनोयनं लावलेल्या पंखानं मेला?"

"एफ्रेनच्या आईला सगळे सांगतायत की तो स्वतःच्या चुकीनं मेला."

ते चालू लागले. थोडं पुढे जाऊन वळले आणि त्यांच्या त्या नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाले, "चला, डॉक्टोरा. केळी गार होतील."

*

सकाळी आकाश धुतल्यासारखं निळं होतं. इतक्या निळ्या आकाशाची मला कधी भीती वाटली नव्हती.

लिनाओच्या आरोग्यसेविकेनं उजाडताच वायरलेसवर सांगितलं होतं, मास्तरांच्या मुलीचं औषध संपत आलंय. मी हँगरपाशी पोचले तेव्हा विमान बाहेर ओढून ठेवलेलं होतं. राकेल त्याच्याभोवती फिरून एकेक गोष्ट हातानं हलवून बघत होती. नोनोय चाकापुढचे लाकडी ठोकळे काढायला वाकले होते. जनरल कुठे दिसत नव्हते. ते स्वतः उडवणार म्हणाले होते, तेही आता दिसत नव्हतं.

मी राकेलला विमानाच्या पलीकडे घेऊन गेले. "यात बसू नकोस."

ती थांबली. "सर म्हणालेत?"

"नाही. मी म्हणतेय. हा पंख एफ्रेनच्या पंखाचा जोडीदार आहे. त्याचा आतून तुटत आला होता. हाही तसा असू शकतो."

तिनं पंखाकडे पाहिलं. मी खरवडलेली जागा अजून तशीच होती.

"सरांना हे माहीत आहे?"

"आहे."

"आणि ते काही बोलले नाहीत."

"नाही."

"मग मी काय करू, डॉक्टोरा?" ती जवळजवळ कुजबुजली. "तिकडे मुलगी आहे. तुमच्या सांगण्यावरून मी थांबले, तर एफ्रेन गेल्यावर राकेल घाबरली, एवढंच होईल. उद्या मनिलाहून दुसरा कुणी वैमानिक येईल आणि यातच बसेल. त्याला कोण सांगणार? तुम्ही तर जाणार." तिनं हातमोजे चढवले. "सर थांब म्हणाले तर थांबेन. ते मला मरायला नाही पाठवणार. ते असे नाहीत."

ती पायरीवर चढली. मला जे सिद्ध करता येत होतं ते मी सांगून झालं होतं.

तेवढ्यात सिओनी आली. तिच्या हातात केळीच्या पानाची पुरचुंडी होती. प्रत्येक उड्डाणाआधी ती वैमानिकाला भात बांधून द्यायची. तिच्यामागून जनरल येत होते. खांद्याला औषधाची बर्फपेटी, अंगात नवा इस्त्रीचा शर्ट. त्यांनी दाढी केली नव्हती. तसं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"घे, पोरी." सिओनीनं टाचा उंच करून पुरचुंडी वर दिली. "आणि ऐक. उडताना नाक हळू उचल. खेचायचं नाही. एफ्रेनला घाई फार. लहानपणी झाडावरूनही उडी मारायचा. मी त्याला धाक लावायला हवा होता, मी लावला नाही. तू तसं करू नकोस."

"नाही करणार, नानाय," राकेल म्हणाली. नानाय म्हणजे आई. तिनं खाली वाकून सिओनीचा हात कपाळाला लावला. ते तिथलं नमस्कार करणं. लावताना राकेलचे डोळे मिटलेले होते.

जनरल चालता चालता थांबले. त्यांनी बर्फपेटी खांद्यावरून उतरवून जमिनीवर ठेवली.

"सिओनी," ते म्हणाले. "एफ्रेननं काही खेचलं नव्हतं."

ती वळली. चेहऱ्यावर अजून राकेलसाठीची काळजी तशीच होती. "काय, सर?"

"त्याची चूक नव्हती. त्याला जसं शिकवलं तसंच त्यानं विमान उचललं. पंख आतून तुटलेला होता. तो फवारणीच्या जुन्या विमानाचा पंख होता. तो तिथे असायलाच नको होता."

नोनोय ठोकळा हातात घेऊन सरळ उभे राहिले. "देल्फिन. तो पंख मी लावला. मी डॉक्टोरांना सांगितलंय."

"तू मला विचारलं होतंस."

"मिस्टा, गप्प बस."

"तू मला विचारलं होतंस, हा पंख म्हातारा आहे, तास कुठून मोजू? मी म्हटलं, धडापासून मोज, नाहीतर पावसाळाभर दोन्ही विमानं बसून राहतील. तू म्हणालास, मला बरं वाटत नाही. मी म्हटलं, लाव." जनरलचा आवाज चढला नव्हता. "त्या संचलनाच्या वेळी तू तिथे नव्हतास, नोनोय, तरी म्हणालास, होतो. या वेळी मी तिथे होतो. आता माझ्यासाठी, तो नव्हता, असं म्हणू नकोस."

नोनोय तो ठोकळा घेऊन परत खाली वाकले आणि त्यांनी तो चाकापुढे, होता तिथे, नीट बसवला.

सिओनी हललीही नव्हती. "खेचलं नव्हतं?" तिनं विचारलं.

"नाही."

"मी रोज त्याला रागावते, सर. मेणबत्ती लावताना. म्हणते, सांगितलं होतं ना."

मी सिओनीजवळ जाऊन उभी राहिले. तिनं माझा दंड धरला, फार घट्ट.

"सर," वरून राकेल म्हणाली. तिचा एक पाय आत होता, एक बाहेर. "लिनाओचं औषध?"

"मोठ्या बोटीनं मी घेऊन जातो. समुद्र अजून चांगला नाही. संध्याकाळ होईल, कदाचित उशीरही होईल. तसं झालं तर मास्तरांना तोंड मी दाखवीन."

"आणि पुढच्या फेऱ्या?"

जनरलनी विमानाकडे पाहिलं, सगळ्या लांबीनं, शेपटापासून नाकापर्यंत. मग आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, हवाई दलात असताना देत असतील तशा आवाजात, ते म्हणाले,

"खाली उतर, राकेल. हे विमान उडणार नाही. यापुढे इथून कुठलंच विमान उडणार नाही."